कांचळी कुणाच्या हातची

"माझ्या लग्नातलं मी शिजवून खाल्लं," मोतन त्या मुलीला म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मुलीला काही कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उन्हात थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभा होतो. कपड्यावर सगळीकडून सारखा उजेड पडावा म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला होता आणि हलू नका, असं बजावलं होतं. त्यामुळे मी मान न वळवताच सांगितलं की मोठ्या दुष्काळाच्या साली माझ्या बायकोचं लग्नातलं कापड जोंधळ्यावर गेलं. फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे आरसे लावलेली चोळी, ओढणी, सगळं.

मुलीचं नाव प्रणिता आडे. आमच्यातलीच, बंजारा, पण जन्म शहरातला. आमची बोली तिला समजायची, बोलताना मात्र अडखळायची. मग मराठीवर यायची. कुठल्याशा विद्यापीठाचं काम घेऊन ती तांड्यातांड्यांतून हिंडत होती. बायकांच्या पेट्यांत तळाशी पडलेले जुने सणाचे आणि लग्नाचे कपडे बाहेर काढायचे, काळ्या चादरीवर पसरायचे, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि पुढून, मागून, आतून फोटो घ्यायचे. शिवण तर इतक्या जवळून घ्यायची की एकेक टाका दोरखंडाएवढा दिसावा. ते सगळं संगणकात राहणार होतं. कापड ज्याचं त्याच्या घरी. हे तिनं दहा वेळा सांगितलं तरी बायकांचा संशय जात नव्हता. एकीनं विचारलं, फोटो काढून आरशांची चमक कमी होते का? दुसरी म्हणाली, कापडाचा काढतेस तर माझाही काढ, मी काय त्याच्यापेक्षा कमी जुनी आहे?

त्या दिवशी आमच्या दारात ओळीनं गाठोडी सुटत होती. आणि आमच्या घरातली बाई चहा करत होती, कारण तिच्याकडे सोडायला गाठोडं नव्हतं.

मला त्याचं वाईट वाटत होतं. मोतनला वाटत असेल, असं तिच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं. तिनं कापड दिलं तेव्हा मी खडी फोडायला गेलो होतो. परत आलो तर घरात भाकरीचा वास, पोरं जेवून झोपलेली. मी पेटीकडे पाहिलं. ती म्हणाली, कापड चावत नाही, जेवा. तेवढंच. त्यानंतर त्या कपड्यांचा विषय आमच्यात निघाला नाही.

आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करतात. ती दोन्ही हात वर करून आईबापाचा, भावाबहिणींचा, सगळ्या तांड्याचा निरोप घेणारं गाणं रडत रडत म्हणते. मोतन तशी उभी राहिली तेव्हा ऊन तिच्या समोरून येत होतं आणि कांचळीवरचे सगळे आरसे एकदम पेटले. मला माझ्या नवरीचा चेहरा त्या दिवशी दिसलाच नाही. डोळे मिटून मी फक्त गाणं ऐकलं. दुष्काळाआधी भांडण झालं की मी तिला म्हणायचो, मला नीट बघू दिलं असतंस तर विचार केला असता. ती म्हणायची, म्हणूनच तर याडीनं एवढे आरसे लावले. याडी म्हणजे आई.

दुपारी उजेड कडक झाला तसं प्रणितानं काम थांबवलं. सगळ्या बायका सावलीत बसल्या. त्यांची करमणूक व्हावी म्हणून तिनं तिचा लॅपटॉप उघडला. आपले कपडे कुठे कुठे जाऊन बसले आहेत बघा, म्हणाली. दुष्काळाच्या काळात फिरते व्यापारी ते विकत घ्यायचे, शहरात विकायचे, तिथून ते समुद्रापलीकडे जायचे. कुणी कापून पिशव्या केल्या, कुणी उशांना लावले, आणि काही संग्रहालयांत पोचले. तिकडच्या लोकांनीही त्यांचे असेच फोटो काढले होते. एकेक चित्र सरकत होतं. बायका नावं ठेवत होत्या. ही नांदेडकडची, हिचे टाके सैल. ही कुणा आळशीची, कवड्या बघा किती लांब लांब.

मोतन चहा घेऊन आली. वाकून पेले देत होती. देता देता तिची नजर वर गेली आणि तिनं परात तशीच जमिनीवर ठेवली.

"मागचं दाखव," ती म्हणाली.

प्रणितानं मागचं चित्र आणलं. एक कांचळी होती. लाल, पण उन्हात वाळलेल्या मिरचीसारखी काळपट पडलेली. दोन्ही बाह्यांवर आरसे, छातीवर पिवळ्या आणि पांढऱ्या दोऱ्याचे चौकोन. मला विचाराल तर त्याआधीच्या चार कांचळ्या अशाच होत्या.

मोतन खाली बसली. काही वेळानं तिनं विचारलं की हिची आतली बाजू आहे का. प्रणिता म्हणाली, असेल, बघते. मोतननं तिचा हात धरून तिला थांबवलं.

"आधी मी सांगते. मग तू उघड. डाव्या काखेत आतून ठिगळ आहे. पांढरं. माझ्या बापाच्या पागोट्याचं. याडी शिवत होती आणि मी वाढत होते. काखेत अपुरं पडलं तेव्हा तिनं बापाच्या डोक्यावरचं पागोटं ओढून त्यातलं फाडून घेतलं. तो दिवसभर बोडका हिंडला."

प्रणितानं आतली बाजू उघडली. डाव्या काखेत हातभर मोठं करून दाखवलेलं ठिगळ होतं. पांढरं म्हणावं असं आता राहिलं नव्हतं. पण पागोट्याची वीण मला तक्ता धरलेल्या जागेवरूनसुद्धा ओळखू आली. विसरून मी तो तक्ता अजून धरूनच उभा होतो.

मोतन रडेल असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण एकीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मोतननं तो बाजूला सारला आणि चित्राखाली काय लिहिलं आहे ते विचारलं. प्रणितानं वाचून दाखवलं. वस्तू कांचळी, मुलूख पश्चिम भारत, शिवणारी माहीत नाही.

"माहीत नाही म्हणजे? कुणाला माहीत नाही?"

"त्यांना, याडी."

"मला माहीत आहे ना. लिही."

प्रणिताचा चेहरा उजळला. ती म्हणाली, असं कधी होत नाही, इतक्या कपड्यांत एकाही बाईचं नाव मिळालेलं नाही, मी आजच कळवते. दुरुस्त्या कळवायचा परवाचा शेवटचा दिवस आहे, त्यानंतर तिकडचे लोक हे काम मिटवून दुसरं घेणार आहेत. बोटं ठेवून ती तयार बसली. काय नाव?

मोतननं तोंड उघडलं. आणि ते तसंच राहिलं.

आईचं नाव तिला माहीत नव्हतं.

यात नवल काही नाही. आमच्या वेळी लेकरू आईला याडी म्हणायचं, दुसरं काही म्हणायची वेळच येत नसे. बाप तिला 'ए, ऐक' म्हणायचा. तांडा तिला थावराची बायको म्हणायचा, नाहीतर मोतनची याडी. मोतनचं लग्न होऊन वर्ष उलटलं नाही तोच ती तापानं गेली. कागदावर तिचं नाव यावं असा कुठला कागदच तिच्या वाट्याला आला नव्हता. मोतनचा एकुलता भाऊ तर लहानपणीच गेला होता. विचारायला कोण होतं?

जमलेल्या बायकांपैकी एक हसून म्हणाली, लिही की नुसतं याडी. प्रणिता हळूच म्हणाली की याडी तर सगळ्यांनाच असते. मोतन त्या दोघींकडे न बघता चित्राकडे बघत होती.

"माहीत नाही, असं टाकलेल्या पोराबद्दल म्हणतात," ती म्हणाली. "माझी याडी कुणी टाकलेली नव्हती."

आता खरी गोष्ट सांगतो. मला ते नाव माहीत होतं.

लग्नाला निघण्याच्या सकाळी माझ्या आईनं मला बाजूला घेतलं होतं. आमच्या घरात रीत होती की जावयानं सासूचं नाव जन्मभर तोंडानं घ्यायचं नाही. घेतलं तर तिचा अपमान, आणि तिच्या लेकीच्या संसाराला बाधा. आईनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ते नाव एकदाच सांगितलं. मी वैतागून म्हणालो, घ्यायचंच नाही तर सांगतेस कशाला? ती म्हणाली, खड्डा दाखवल्याशिवाय चुकवशील कसा? आणि माझ्या हनुवटीला धरून म्हणाली, जिभेवर आणू नकोस. मी शब्द दिला.

तो शब्द मी पाळला. मोतनपासून मी ते मुद्दाम लपवलं नव्हतं. तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी त्या वाटेला गेलो नाही. आज ती तिथे बसली होती आणि नाव माझ्या दातांमागे होतं. मला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी ते सांगावं. मी रात्रंदिवस देवाकडे काही मागणारा माणूस नव्हे, पण तेवढं मागितलं.

मोतननं लगेच ठरवलं की लिंबखेड तांड्यावर जायचं. तिथे तिची फुफी होती, बापाची धाकटी बहीण. पिकलं पान, पण हयात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. मोतननं नवं लुगडं नेसलं होतं. बाईला फार वर्षं झाली होती बंजारा पोशाख सोडून; सुनांनी सोडला, मग तिनंही. वाटेत ती माहेरच्या आठवणी सांगत होती. नेहमी सांगते त्याच, पण त्या दिवशी प्रत्येक आठवणीच्या शेवटी ती थांबायची, जणू त्यातून नाव गळून पडेल. मीही नाव गळून पडायची वाट बघत होतो.

फुफी दारात बाजेवर पाय पसरून बसली होती. दात नव्हते, तंबाखू मात्र होती. मोतनला बघताच तिनं तिच्या गळ्यात पडून रडून घेतलं, आमच्यात भेटीला तसं रडतातच. रडणं संपलं तशी तोंड पुसून म्हणाली, चहात साखर किती घालतेस, जाड झालीस.

मोतननं विचारलं आणि फुफी सुटली. तिला भावजयीचं सगळं सगळं आठवत होतं. भावजय वाहत्या पाण्याला भ्यायची. नदी उतरताना डोळे मिटून बैलाची शेपटी धरायची. तिला कारल्याची भाजी आवडायची, बाकी कुणालाच नाही, म्हणून ती एकटीपुरती करून खायची. सुई हरवली तर जेवायची नाही. एकदा तिनं फुफीला लाटणं फेकून मारलं होतं. खूण अजून आहे, बघ, हात लाव. मग दोन दिवस तिनंच हळद लावली. भाऊ मेळ्याला गेला की ती त्याच्या घोंगडीवर झोपायची आणि विचारलं तर म्हणायची, ढेकूण मारतेय. हसून हसून मोतनच्या डोळ्यांत पाणी आलं. यातलं अर्धं तिनं कधी ऐकलेलं नव्हतं.

"आणि नाव, फुफी?"

"भावज," फुफी म्हणाली. "मी भावज म्हणायची."

मोतननं तऱ्हेतऱ्हेनं विचारून पाहिलं. पाहुणे यायचे ते काय म्हणायचे? तिच्या माहेरचे? फुफी म्हणाली, माहेरचा तांडा आदिलाबादकडे निघून गेला, मग त्यांची भेट नाही. तिनं डोळे मिटून कपाळावर मूठ आपटली. आठवत नव्हतं असं नाही. तिला ते कधी माहीतच नव्हतं. फुफीच्या नातवानं तिकडे कुणाला तरी फोन लावला. त्यानं आणखी कुणाला विचारलं. भाकरी खाऊन होईपर्यंत आम्ही थांबलो. फोन परत आला तो एवढंच सांगायला की त्या वयाचं आता कुणी उरलेलं नाही.

मोतन उठली. पदर सारखा केला. मी चपला शोधत होतो. तेवढ्यात फुफी म्हणाली, "अगं, हा बसलाय ना जावई. जावयाच्या कानात सांगतात की. याला माहीत असेल."

मी एक चप्पल हातात घेऊन उभा राहिलो. मोतन माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. रागानं नव्हे. आपल्याच घराच्या भिंतीत एक दार होतं आणि आपण रोज त्यावर गोवऱ्या थापत होतो, असं कळल्यावर माणूस बघेल तसं.

"आहे का?"

मी होकाराची मान हलवली.

फुफीनं लगेच हात वर केला. माझ्या दारात बोलायचं नाही हं, म्हणाली, माझ्या भावजयीची अब्रू आहे. मोतन म्हणाली, कोण बोलायला सांगतंय त्यांना.

परतीची एसटी यायला वेळ होता. फाट्यावर बाभळीखाली आम्ही दोघं बसलो. मोतन बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग म्हणाली, "लग्नापासून माहीत आहे?"

"त्या सकाळपासून."

"कधी तोंडातून निसटलं नाही?"

"नाही."

"पिऊन यायचात तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

ती हसली. "मग बरंच सांभाळलंत. त्या दिवसांत तुम्हाला स्वतःचं नाव सांभाळता येत नव्हतं."

मी तिला म्हटलं, सांगू का? आता सासू नाही, आई नाही. रीत कुणासाठी? माझ्याकडे एवढी एकच वस्तू तुझ्या याडीची आहे, ती तुझ्या कामी आली नाही तर मी ती कुठे नेऊ? मला वाटलं होतं ती हो म्हणेल. पण तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घट्ट दाबला.

"नाही. नाव राहिलं तर राहिलं. जावयानं तोंडानं नाव घेतलं असं तिला वर कळलं, तर तिला मान खाली घालावी लागेल. मी एवढ्यासाठी तिची मान खाली घालणार नाही."

मग थोड्या वेळानं, समोरच्या रस्त्याकडे बघत तिनं विचारलं, "चांगलं आहे का?"

"काय?"

"नाव."

"चांगलं आहे."

"तिला शोभेल असं?"

मी तिला म्हटलं की मी तुझ्या याडीला धड दोनदा पाहिलं, तेही तिचा घुंगट खाली असताना. हात मात्र पाहिले होते. त्या हातांना शोभेल असं आहे. मोतननं मान डोलावली. घरी येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर मला एक समाधान दिसलं. नाव कुठेतरी आहे, शाबूत आहे, एवढ्यावरच ती निघाली होती. माझं तसं नव्हतं. बसमध्ये मी आईचे त्या सकाळचे शब्द पुन्हा पुन्हा आठवत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रणिता सामान बांधायला लागली. मोतननं तिला सगळा प्रकार सांगितला आणि म्हणाली, राहू दे पोरी, 'माहीत नाही' तर 'माहीत नाही'. पण निदान असं लिही की तिचं नाव माहीत असणारा एक माणूस आहे. प्रणितानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या खिशाला पेन होतं.

मी ते मागून घेतलं.

गावात साक्षरतेचा वर्ग आला तेव्हा माझी मिशी पिकायला लागली होती. मी पाटी घेऊन बसायचो आणि मोतन दारातून म्हणायची, म्हातारा बैल गाडीला जुंपला की मागे मागे जातो. ती स्वतः आली नाही. तिला तेव्हा आठ माणसांच्या भाकऱ्या होत्या. मी शिकलो, सावकाश शिकलो. अजूनही लिहिताना मला प्रत्येक अक्षर ओठांनी पुटपुटावं लागतं, नाहीतर हात पुढे सरकत नाही.

"जिभेवर आणायचं नाही, एवढंच आई म्हणाली होती," मी मोतनला म्हणालो. "हाताचं ती काही बोलली नव्हती. आमच्या घरातला माणूस हातानं नाव घेईल, हे तिच्या स्वप्नात तरी कसं येणार? लिहिलं तर चालेल का?"

मोतन विचारात पडली. निवाडा तिचा होता. तांड्याच्या नायकानंही इतका वेळ घेतला नसता.

"लिहिताना मनात म्हणता?"

"म्हणावं लागतं."

"मनाचं चालेल," ती म्हणाली. "ओठांचं नाही. तुमचे ओठ हलतात."

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

"मग माझ्या हातात," ती म्हणाली, माझ्या अगदी समोर येऊन बसली आणि तिनं उजवा तळहात माझ्या तोंडावर दाबून धरला. राखेचा आणि लसणाचा वास. डावा हात तिनं माझ्या मांडीवर उताणा ठेवला. "कागदावर नको. इथे लिहा. माझ्याजवळ असू दे."

तळहातावर पेन उमटेना. इतक्या वर्षांच्या कामानं तिथे कातडं नव्हे, चामडं झालं होतं. मी वर सरकलो. मनगटाच्या आतल्या बाजूला, गोंदणाच्या हिरव्या ठिपक्यांच्या वर थोडी मऊ जागा होती. तिथे पहिलं अक्षर काढलं. माझे ओठ हलले. तिनं हात आणखी दाबला. दुसरं अक्षर काढलं. मला नाकानं श्वास घ्यावा लागत होता आणि हसू येत होतं, आणि हसू येत असताना डोळेही भरत होते. प्रणिता तोंड फिरवून उभी होती. तिसरं अक्षर काढून झालं. मी पेन उचललं तरी मोतननं हात काढला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला.

मग ती उठली आणि मनगट प्रणिताच्या पुढे धरून म्हणाली, "वाच."

"केसली," प्रणितानं वाचलं.

इथे मी ते लिहिलं आहे, लिहायला हरकत नाही असं ठरलंच आहे. तोंडानं मी अजूनही घेतलेलं नाही.

मोतननं पुन्हा वाचायला सांगितलं. प्रणितानं पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मोतन डोळे मिटून ऐकत होती, कुणी गोड पदार्थ जिभेवर ठेवावा तसं. मग म्हणाली, आता कळव तिकडे. प्रणितानं तिच्यासमोर बसून कळवलं आणि उत्तरही, बहुतेक तिकडे लोक जागेच असावेत, ती निघण्याआधीच आलं. त्यांनी 'माहीत नाही' काढून तिथे नाव घातलं होतं. मोतननं विचारलं, आणखी काही विचारलं का त्यांनी? प्रणिता म्हणाली, आभार मानलेत. ते बरोबरच आहे, मोतन म्हणाली, कापड चांगलंच आहे.

प्रणिता गेली. सामान टमटमपर्यंत मी पोचवून आलो. संध्याकाळी मोतननं मला जेवायला वाढलं. मनगट तिनं दिवसभर पाण्यात घातलं नव्हतं. भाकरी थापताना पीठ लागू नये म्हणून फडकं बांधलं होतं. ताट पुढे सरकवून ती उभीच राहिली.

"मी घेतलं तर चालतं ना? तोंडानं? मी लेक आहे."

मी म्हटलं, तुला कोण अडवणार?

ती घराच्या मागे गेली. तिथे आमचं कुंपण संपतं आणि पुढे मोकळं रान आहे. मग तिचा आवाज आला. पहिल्यांदा अगदी हळू, चोरून बोलल्यासारखा. मग जरा मोठा. मग तिनं पलीकडच्या शेतातून मैत्रिणीला हाक मारावी तशी लांब, ओढून हाक मारली. इतक्या वर्षांत त्या बाईला तिच्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं.

मी घास हातात धरून बसलो. चावण्याचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून.